अडचण कसली, याच की

प्रतापराव बेहेऱ्यांच्या तोंडून 'नाही' हा शब्द निघालेला दार्सैतमधल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये कुणी ऐकला नव्हता. मस्कतला त्यांना बावीस वर्षं झाली होती. इमारतींमधून एसीचे डक्ट, म्हणजे थंड हवेचे पत्र्याचे बोगदे, कुठून कसे न्यायचे, हे कागदावर आखण्याची त्यांची नोकरी. डक्टच्या वाटेत खांब आला तर खांबाशी भांडायचं नसतं, डक्ट वळवून न्यायचा असतो. हा धंद्यातला नियम त्यांच्या स्वभावात कधी शिरला ते त्यांनाही कळलं नाही. बायको नयना म्हणायची, "तुम्हाला नाही म्हणता आलं असतं, तर पहिलीच मुलगी बघून लग्न ठरवलं असतंत का?"

त्यामुळे बारावीतल्या अंतरानं डिसेंबरात "बाबा, ऑगस्टमध्ये मी पुण्याला जाणार. त्याच्या आधी मला एक राइड पाहिजे. समुद्रापासून वर डोंगरात. आपण दोघंच" असं म्हटल्यावर ते "हो" म्हणाले, यात नवल काही नव्हतं. नवल पुढेच होतं. यावेळचं 'हो' त्यांना मनापासून म्हणायचं होतं. मुलगी सतरा वर्षं घरात वाढली आणि तिच्याशी आपण सलग दहा मिनिटं बोललेलो नाही, हे त्यांना त्या क्षणी एकदम जाणवलं. ती मैत्रिणींशी इंग्रजीत बोलायची आणि घरात अडखळत मराठीत. जेवायला बसल्यावर भाजीत मीठ आहे की नाही, यापलीकडे बापलेकीचं फारसं काही होत नसे. प्रतापरावांनी त्याच दिवशी ऑफिसच्या पॅडवर 'पुण्यात लक्षात ठेवायचे अकरा मुद्दे' लिहून काढले. हे मुद्दे डोंगरात, वाऱ्यावर, दोघंच असताना बोलायचे, असं त्यांनी ठरवलं.

आता सायकली. अशा वाटेला साधी सायकल चालत नाही, ग्रॅव्हल बाइक लागते, हे अंतरानं सांगितलं. दिसायला शर्यतीच्या सायकलीसारखी, पण टायर जाड. डांबर संपलं तरी ती खडीवरून, मातीवरून जात राहते. अझैब्यातलं एक फ्रेंच जोडपं मायदेशी परत निघालं होतं, त्यांच्याकडून दोन मिळाल्या. प्रतापरावांना त्यात पहिला दोष दिसला तो हा, की सायकलीला स्टँड नव्हता. मागे कॅरिअर नव्हतं. घंटी नव्हती. बिनस्टँडची सायकल म्हणजे बिनदांडीचा कप, असं त्यांचं मत पडलं आणि दोन्ही सायकली गाडीत कोंबून ते हमरियात शाहबाजच्या दुकानी गेले.

शाहबाज तीस वर्षं सायकली दुरुस्त करत होता. त्यानं ती सायकल दोन बोटांनी उचलली आणि तिच्याकडे एखाद्या जावयाकडे बघावं तसं बघितलं.

"स्टँड लगा दो, पीछे कॅरिअर," प्रतापराव म्हणाले.

"सर," शाहबाज हळूच म्हणाला, "ये गाडी सब्जी लाने की नहीं है. इसकी बेइज्जती मत करो."

स्टँड राहून गेला. शाहबाजनं टायरमध्ये ट्यूबऐवजी एक पांढरा रस भरला. काटा घुसला तर भोक आपोआप बुजतं, म्हणाला. खाली बसून त्यानं प्रतापरावांना चढावर गिअर कधी बदलायचा हेही शिकवलं. इतक्या मायेनं की पुण्याच्या शाळेत कुणी त्यांना गणित असं शिकवलं असतं, तर ते आज डक्ट आखत बसले नसते.

पुढचा प्रश्न पोशाखाचा. सायकलवाल्यांची गादी शिवलेली चड्डी त्यांनी मागवली. देशाची रीत सांभाळून तिच्यावर गुडघ्याखाली येणारी ढगळ पँट चढवली आणि मागचा गादीचा फुगवटा घेऊन पहाटे सरावाला उतरले. खाली तळमजल्यावरच्या जयवंतीकाकू कृष्णमंदिरातून प्रसाद घेऊन परत येत होत्या. त्या थांबल्या, त्यांनी प्रतापरावांना पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "ऑपरेशन कधी झालं रे? नयनानं सांगितलं नाही ते." दुपारपर्यंत बिल्डिंगमधल्या दोघांनी त्यांना आपापले डॉक्टर सुचवले होते. एकानं कोकमाचं सरबत पाठवलं.

वरच्या मजल्यावरचा धनंजय हा बिल्डिंगचा माहितीमंत्री. त्याला माहीत नसलेली गोष्ट ओमानमध्ये घडत नसे. तो म्हणाला, "डोंगरात जायला परमिट लागतं. आमच्या ऑफिसातल्या एकाला परत पाठवलं होतं." (तो एक मासे पकडायला गेला होता, हे नंतर कळलं.) प्रतापराव नियमाला भिणारे. अर्धी रजा काढून, पासपोर्टच्या चार प्रती, चार फोटो आणि सायकलींचे दोन फोटो घेऊन ते एका सरकारी खिडकीशी जाऊन उभे राहिले. खिडकीतल्या तरुण ओमानी अधिकाऱ्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सायकल?" त्यानं विचारलं. "परमिट नाही लागत. जा."

"परमिट लागत नाही असं लिहून मिळेल?"

अधिकारी हसला, त्यानं टेबलावरचा खजुराचा डबा पुढे सरकवला आणि कॉफीच्या थर्मासकडे हात करत म्हणाला, "तफद्दल." म्हणजे या, बसा, घ्या. बावीस वर्षांत हा शब्द प्रतापरावांनी हजार वेळा ऐकला होता आणि हजार वेळा तो आपल्याकडच्या 'या एकदा घरी'च्या वर्गात टाकून दिला होता. "नो नो, थँक्यू, नेक्स्ट टाइम," असं म्हणून ते लगबगीनं निघाले. अधिकाऱ्याचा हात थर्मासवर तसाच राहिला. एवढा चांगला माणूस, त्याला उगाच कशाला त्रास, असं म्हणत प्रतापराव स्वतःवर खूश होत पायऱ्या उतरले.

खरी चूक ते यानंतर करणार होते. कुरियातचा किनारा ते डोंगरातलं गाव अशी वाट त्यांनी डक्ट आखावा तशी आखली, चढ कुठे, पाणी कुठे, सावली कुठे, सगळं टिपलं आणि 'कुणाला यात काही धोका दिसतो का' म्हणून बिल्डिंगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. संध्याकाळी धनंजय खाली आला. चहा घेतला. म्हणाला, "वाट मस्त आहे हो. शुक्रवार आहे, सुट्टीच, आम्ही मागून गाडीनं आलो तर तुम्हाला काही अडचण नाही ना?"

मराठी घरात या प्रश्नाला एकच उत्तर असतं. दुसरं छापलेलंच नाही.

"छे छे," प्रतापराव म्हणाले, "अडचण कसली, याच की."

समोर फिजिक्सचं पुस्तक घेऊन बसलेल्या अंतरानं मान वर केली. बापाकडे एकदा बघितलं. मग पुस्तक मिटून ती आत गेली आणि दार लावलं, तेही हळूच. आदळलं असतं तर बरं वाटलं असतं.

प्रतापरावांनी डक्ट वळवायचा प्रयत्न केला. ग्रुपवर लिहिलं की पहाटे साडेपाचला निघायचंय. धनंजयची बायको रेवा हिनं लिहिलं, 'जमेल.' त्यांनी लिहिलं, वाटेत बाथरूम नाही. जयवंतीकाकूंनी लिहिलं, 'मी प्रवासात पाणीच पीत नाही.' रस्ता वाईट आहे म्हटलं, तर धनंजय म्हणाला, "माझी फोर बाय फोर आहे." गुरुवारपर्यंत चार गाड्या ठरल्या. घडीच्या खुर्च्या, सतरंजी, दोन डबे पोहे, वडे, आणि मंडळाचा गणपतीतला स्पीकर. रात्री नयना पोळ्या लाटता लाटता एवढंच म्हणाली, "पोरीनं एक शब्द मागितला होता तुमच्याकडे. दोघंच. बघा आता."

शुक्रवारी समुद्राच्या काठावरून दोन सायकली निघाल्या आणि त्यांच्या मागून ताशी बारा किलोमीटरच्या वेगानं चार गाड्या. उजव्या हाताला पाणी नुकतं उजळत होतं, होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या होत्या. हे सगळं बघावं तर मागून धनंजय स्पीकरवरून सांगे, "प्रतापराव, पाठ सरळ! अंतरा, शाबास!" दर तीन किलोमीटरला चहा. नयनाची गाडी शेजारी येई, काच खाली होई आणि पोह्याची बशी बाहेर येई. जयवंतीकाकू मागच्या खिडकीतून ओरडत, "अंतरा, बोर्ड तोंडावर आहे हो, पाय मोडून घेऊ नकोस." अंतरा पुढे बघून पॅडल मारत होती आणि तिच्या पाठीकडे बघत बघत प्रतापराव मागे चालले होते. अकरा मुद्द्यांचा कागद खिशात घामानं मऊ झाला होता. पहिला मुद्दा त्यांनी काढून बघितला, 'रिक्षाने मीटर पाहूनच बसणे,' आणि स्पीकर पुन्हा वाजला म्हणून परत ठेवला.

डांबर संपलं, खडी सुरू झाली. डोंगरांच्या तोंडाशी एक वादी आडवी होती, म्हणजे पावसापुरती वाहणारी आणि एरवी कोरडी असणारी नदी. डिसेंबरातल्या पुरानं तिथला रस्ता उचलून नेला होता. शंभर पावलं नुसते धोंडे, म्हशीएवढे आणि माठाएवढे, आणि त्यांच्यामध्ये साचलेली हिरवट डबकी. पलीकडे रस्ता पुन्हा शहाण्यासारखा सुरू होत होता.

सगळ्यांनी धनंजयकडे बघितलं. धनंजय गाडीतून उतरला, धोंड्यांकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. मग खाकरून म्हणाला, "ही तशी फोर बाय फोर नाही. दिसते तशी." चार वर्षं बिल्डिंग त्या गाडीला आदरानं बघत आली होती. रेवानं कपाळाला हात लावला. प्रतापरावांना मात्र त्या क्षणी तो माणूस जन्मात वाटला नव्हता इतका प्रिय वाटला.

"मग... आम्ही पुढे होऊन येतो," ते शक्य तितकं दुःखी तोंड करून म्हणाले.

सायकली खांद्यावर घेऊन बापलेक धोंडे ओलांडू लागले. स्टँड आणि कॅरिअर असतं तर हे जमलं नसतं, हे ध्यानात येऊन प्रतापरावांनी मनातल्या मनात शाहबाजला हात जोडले. मागे सतरंजी अंथरली जात होती. एक वळण घेतलं आणि आवाज बंद झाला.

असा शांतपणा प्रतापरावांनी बावीस वर्षांत ऐकला नव्हता. एसीची घरघर नाही, रहदारी नाही, माणूस नाही. चाकाखाली खडी करकरत होती, तेवढीच. दोन्ही बाजूंनी डोंगर सरळ वर गेलेले, झाडाचं पान नाही, नुसता दगड. पण त्या दगडाचे थर कुठे तांबूस, कुठे जांभळट, कुठे राखी, आणि ऊन सरकेल तसे ते बदलत होते. कड्यावर बकऱ्या उभ्या होत्या, तिथे त्या कशा पोचल्या असतील याचा डक्टवाल्याच्या डोक्यानं विचार केला आणि सोडून दिला. मागे वळून पाहिलं की डोंगरांच्या फटीत निळी चिंधी दिसे, तो समुद्र. दार्सैत ते ऑफिस, ऑफिस ते दार्सैत असं करण्यात हा देश आपण बघितलाच नाही, याचं त्यांना खरोखर वाईट वाटलं. आणि आत्ता बघतो आहोत, याचा आनंदही तेवढाच झाला.

चढ आला. अंतरा बसूनच चढून गेली. प्रतापरावांनी शाहबाजनं शिकवलेला गिअर टाकला, पाय गरगर फिरले, सायकल जागच्या जागी राहिली आणि अखेर ते उतरून ढकलू लागले. वर पोचले तेव्हा ती दगडावर बसून वाट बघत होती. त्यांना ओरडायचं होतं की एकटी पुढे जाऊ नकोस. पण तिचा चेहरा उन्हात इतका मोकळा दिसत होता की ते नुसते म्हणाले, "तू फार छान चालवतेस गं."

"बाबा, तुम्ही पण. तुम्ही थांबला नाही," ती म्हणाली.

अकरा मुद्द्यांपैकी एकही त्यांना बोलावासा वाटला नाही.

गाव म्हणजे पंधरावीस घरं, खजुराची झाडं आणि डोंगरातून आणलेलं पाणी वाहणारा दगडी पाट. पाटाशी हातपाय धुतले. एका घराच्या दारात म्हातारी बाई उभी होती, रंगीत ओढणी, हातात झाडू. तिनं दोघांकडे, दोन सायकलींकडे बघितलं, झाडू भिंतीला टेकवला आणि म्हणाली, "तफद्दलू."

प्रतापरावांची जीभ आपोआप चालली. "नो नो, शुक्रन, शुक्रन. नेक्स्ट टाइम, इन्शाल्ला."

"बाबा," अंतरा म्हणाली, "नेक्स्ट टाइम कधी? आपण परत येणार आहे?"

"अगं, तसं म्हणायचं असतं. त्या म्हणतात, आपण नको म्हणतो. उगाच त्यांना त्रास."

"त्या तसं म्हणत नाही. त्या खरं बोलवतात." आणि मग ती त्या बाईकडे वळून अरबीत बोलू लागली. शाळेतली आठवीपर्यंतची अरबी, त्यावर मैत्रिणींची. अडखळत नव्हती ती. बाई हसली, तिनं अंतराचा हात धरून आत नेलं. प्रतापराव 'शुक्रन', 'यल्ला', 'खलास', 'इन्शाल्ला' एवढ्या चार अरबी शब्दांच्या भांडवलावर बूट काढून मागोमाग गेले.

बाईचं नाव रशीदा. चटई, खजूर, संत्र्यांच्या फोडी आणि किटलीतली वेलदोड्याची कॉफी, बिनदांडीच्या वाटीएवढ्या कपात. पानात टाकायचं नाही, हे प्रतापरावांना लहानपणी मार खाऊन शिकवलेलं. त्यांनी कप संपवला. रशीदानं भरला. त्यांनी संपवला. तिनं भरला. तिला वाईट वाटू नये म्हणून ते पीत होते आणि पाहुणा तहानेला आहे म्हणून ती ओतत होती. सातव्या कपाला त्यांचे कान गरम झाले. आठव्याला त्यांनी खिशातल्या कागदानं वारा घ्यायला सुरुवात केली. नवव्याला अंतराचं लक्ष गेलं आणि ती खुदकन हसली.

"बाबा, कप असा हलवायचा. म्हणजे बास." तिनं आपला रिकामा कप मनगटातून दोनदा हलवून दाखवला.

"बास म्हणायला कप हलवायचा?"

"हो. सिंपल."

प्रतापरावांनी कप हलवला. किटली थांबली. कुणाला वाईट वाटलं नाही. रशीदा हसत अंतराला काहीतरी विचारत होती.

"काय म्हणतात?"

"तू कुठली, विचारतात."

"मग?"

"मी म्हटलं, मस्कतची." ती वडिलांकडे वळली. "आहे ना मी, बाबा?"

"आहेस की," प्रतापराव म्हणाले. पुण्यात हिचं मराठी मोडेल, लोक हसतील, या भीतीनं त्यांनी ते अकरा मुद्दे लिहिले होते. इथे ती अनोळखी घरात बापाचा हात धरून बसली होती, म्हणजे खरं तर बापच तिचा धरून बसला होता.

उतारावर सायकली आपल्या आपण धावत होत्या. वारा कानात भरत होता. मध्येच अंतरानं ब्रेक लावला आणि ती थांबली.

"बाबा, पुण्याला सगळे म्हणतील ना, ये एकदा घरी, ये एकदा घरी. मागच्या वेळी पण म्हटले. मला कसं कळणार, खरं कोण आणि असंच कोण?"

अकरा मुद्द्यांत हे कुठेच नव्हतं.

"ते मलाही कळत नाही गं," प्रतापराव म्हणाले. "मी स्वतःच असंच म्हणणाऱ्यातला. त्या दिवशी धनंजयला म्हटलं, ते मला म्हणायचं नव्हतं. चुकलो मी."

"माहीत आहे," अंतरा म्हणाली. आणि मग, "पण आज छान झालं."

वादीपाशी चार गाड्यांची माणसं सतरंजीवर पसरली होती. वडे संपले होते. जयवंतीकाकू खुर्चीत घोरत होत्या. धनंजय उठून पुढे आला, त्यानं सायकली निरखल्या आणि म्हणाला, "प्रतापराव, आम्हीही दोन घेतो म्हणतो. पुढच्या वेळी आम्ही सायकलींवर आलो तर अडचण नाही ना?"

प्रतापरावांनी तोंड उघडलं. ते ठरलेलं वाक्य जिभेवर येऊन बसलंही होतं. अंतरा शेजारी उभी होती.

"नाही," प्रतापराव म्हणाले. मग लगेच सावरून, "म्हणजे, अडचण आहे. आम्हाला दोघांनाच जायचंय. आजही दोघांनाच जायचं होतं."

नयना डबा भरता भरता थांबली आणि नवऱ्याकडे, आज प्रथमच बघत असावी तशी बघत राहिली. काकू जाग्या झाल्या. प्रतापरावांना वाटलं, बावीस वर्षांचा शेजार गेला.

धनंजय मटकन खुर्चीत बसला. "अहो, मग आधी सांगायचंत ना," तो म्हणाला. "मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं होतं. तुम्ही 'याच की' म्हणालात, इतक्या आग्रहानं, तर आता नाही गेलो तर तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आलो. ही पहाटे तीनला उठून वडे तळत बसली."

"मला तर चढउतारावर गाडी लागते," रेवा म्हणाली.

"माझे गुडघे," जयवंतीकाकू म्हणाल्या. "पण सगळे निघाले, म्हटलं एकटीनं कसं नाही म्हणायचं."

चार गाड्यांत मिळून मनापासून यायचं असलेलं माणूस एकही नव्हतं. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि नयना सर्वांत आधी हसायला लागली. मग कुणालाच थांबता येईना.

सायकली गाडीला बांधून झाल्या. निघता निघता धनंजय सवयीनं म्हणाला, "संध्याकाळी चहाला या मग वर."

"खरंच?" अंतरानं विचारलं.

कंबरेवर हात ठेवून धनंजयनं प्रामाणिकपणे विचार केला.

"आज नको," तो म्हणाला. "आज पाठ धरलीय. उद्या सकाळी या. नऊ वाजता."

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता तिघं वर गेले. चहा छान झाला होता. दुसरा कप संपला, रेवानं किटली उचलली, आणि प्रतापरावांनी आपला कप मनगटातून दोनदा हलवला.